हास्यकवीच्या दैनंदिनीतील फुल्या

इंग्रजी बालसाहित्यात निरर्थक पद्याचा, म्हणजे 'नॉन्सेन्स'चा, पाया घालणाऱ्या मोजक्या लेखकांत एडवर्ड लियर यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. घुबड आणि मांजर होडीत बसून लग्नाला निघतात ती त्यांची कविता इंग्रजी माध्यमात शिकलेल्या आपल्याकडील अनेक मुलांनीही पाठ केलेली असते. पाच ओळींच्या विनोदी पद्याचा प्रकार त्यांनीच लोकप्रिय केला. बंगालीत सुकुमार राय यांच्या 'आबोल ताबोल'ची चर्चा लियर यांच्या उल्लेखाशिवाय पुरी होत नाही. पुढे सत्यजित राय यांनी लियर यांच्या पद्यांना बंगाली रूप दिले. मराठी वाचकाला मंगेश पाडगावकरांच्या वात्रटिका ठाऊक आहेत, त्यामुळे या जातीच्या पद्याची गंमत त्याला वेगळी समजावून सांगण्याचे कारण नाही.

मात्र लोकांना हसवणाऱ्या या माणसाच्या दैनंदिनीत तारखेच्या बाजूला वारंवार एक खूण आढळते. ती खूण म्हणजे एक फुली आणि कधी कधी तिच्याशेजारी एखादा आकडा. १८५८ ते १८८७ या काळातील या दैनंदिनीचे तीस खंड अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या हौटन ग्रंथालयात जतन केलेले आहेत. फुली म्हणजे अपस्माराचा झटका आणि आकडा म्हणजे त्याची तीव्रता, असा उलगडा चरित्रकारांनी केला. वयाच्या पाचव्या-सहाव्या वर्षी सुरू झालेला हा विकार लियर यांना पंचाहत्तराव्या वर्षी मृत्यू येईपर्यंत सोबत करीत होता. जिवलग मित्रांपैकी कोणालाही त्यांनी तो कळू दिल्याचे दिसत नाही.

एडवर्डचा जन्म १२ मे १८१२ रोजी लंडनच्या उत्तरेकडील हॉलोवे या उपनगरात झाला. वडील जेरेमाया लियर शेअर दलाल होते. आई अ‍ॅन हिला एकवीस अपत्ये झाली आणि एडवर्ड त्यांतील विसावा, अशी घराण्याची समजूत आहे. त्यांपैकी कित्येक अपत्ये बालपणीच दगावली. नेपोलियनशी चाललेले युद्ध संपल्यानंतरच्या मंदीत, १८१६ साली, जेरेमाया यांना शेअर बाजारातील देणी भागवता आली नाहीत. घर भाड्याने द्यावे लागले आणि कुटुंबाची पांगापांग झाली. या ओढाताणीत आईने चार वर्षांच्या एडवर्डला थोरल्या मुलीच्या हवाली केले. तिचेही नाव अ‍ॅन. ती भावाहून एकवीस वर्षांनी मोठी होती. घरची घडी पुन्हा बसल्यावरही आईने मुलाला जवळ घेतले नाही. अ‍ॅनने लग्न केले नाही. या भावालाच तिने मूल मानले. आपल्याकडे थोरल्या बहिणीला आईच्या जागी मानतात. लियर यांच्या बाबतीत ही केवळ बोलण्याची रीत नव्हती.

झटके सुरू झाले ते याच सुमारास. एडवर्डला दमा आणि खोकल्याचाही त्रास होता, दृष्टी अधू होती. पण त्या तक्रारी चारचौघांत सांगता येण्याजोग्या होत्या. अपस्माराचे तसे नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी युरोपात या विकाराविषयी दोन समजुती शेजारी शेजारी नांदत होत्या. भूतबाधेची कल्पना सुशिक्षितांत मागे पडली होती, पण पूर्णपणे गेली नव्हती. तिच्या जागी वैद्यकाने दिलेली नवी समजूत मुलांच्या दृष्टीने अधिक क्रूर होती. हस्तमैथुनाने मज्जासंस्था दुबळी होते आणि त्यातून फेफरे येते, असे नावाजलेले डॉक्टर गंभीरपणे लिहीत असत. भूतबाधेत निदान दोष भुताचा असतो. या नव्या उपपत्तीने तो मुलाच्या स्वतःच्या माथी मारला. मनोनिग्रह कमी पडला म्हणून झटका आला, ही बोच लियर यांना उतारवयातही सोडीत नव्हती आणि दैनंदिनीत ती पुन्हा पुन्हा डोकावते.

मुलाने या विकाराला स्वतःपुरते एक नाव दिले होते, 'दैत्य'. झटक्यांमागोमाग येणाऱ्या उदासीनतेलाही त्याने वेगळे नाव दिले. या उदासीनतेची सर्वांत जुनी आठवण १८१९ च्या सुमाराची, म्हणजे सातव्या वर्षाची आहे. वडिलांनी त्याला लंडनजवळील हायगेट येथे एका माळावर कसरतीचा खेळ पाहायला नेले होते. विदूषक होते, वाद्यवृंद होता, मावळतीचा प्रकाश होता. खेळ संपला, लोक पांगले आणि घरी आल्यावर मुलगा त्या सरलेल्या आनंदासाठी अर्धी रात्र रडला. वडिलांसोबत घालवलेल्या आनंदाच्या घटका त्याच्या वाट्याला फारशा आल्या नसाव्यात. म्हणूनच ही आठवण म्हातारपणापर्यंत टिकली.

जेन नावाच्या बहिणीलाही असेच झटके येत असत. तिचे ते आघात आपण लहानपणी पाहिले, पण तेव्हा काही उमगले नाही, अशा आशयाची नोंद लियर यांनी पुढे केली आहे. आपल्या वाट्याला आलेले हे दुखणे म्हणजे जन्मासोबत मिळालेला भयंकर वारसा, असे ते मानत. दुसऱ्या कोणाला असा त्रास होत असेल का, असा प्रश्न त्यांना पडे. पण तो कोणाला विचारण्याचे धाडस होत नसे. पाच-सहा वर्षांचे मूल ज्या एकटेपणात सापडले, त्याच एकटेपणात साठीतला नामवंत चित्रकारही होता.

शाळेचा अनुभव अगदी थोडा. अकराव्या वर्षाच्या आसपास काही काळ तो शाळेत गेला, एवढेच. बाकीचे शिक्षण अ‍ॅन आणि सारा या बहिणींनी घरीच केले. त्यांनी त्याला वाचायला, पियानो वाजवायला, फुले, शिंपले, पाखरे यांची चित्रे काढायला शिकवले. झटके येणारे मूल शाळेत न पाठवता घरात जपण्याची वृत्ती आपल्याकडेही अनोळखी नाही. या जपण्याची किंमत असते. लियर यांना समवयस्क सवंगडी मिळाले नाहीत. चारचौघांत आपण विचित्र दिसतो, ही भावना पक्की झाली आणि ती आयुष्यभर गेली नाही. लाभही झाला, तो निराळ्या प्रकारचा. ठरावीक साच्याचे शालेय चित्रकाम त्यांच्या बोटांत शिरले नाही आणि जे पाहावे तेच कागदावर उतरवण्याची सवय जडली.

वडिलांनी संसार आवरता घेतल्यावर अ‍ॅन आणि एडवर्ड यांनी लंडनमध्ये वेगळी खोली केली. पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा पोटासाठी चित्रे काढू लागला. पंखे, पडदे, छापील चित्रांत रंग भरणे, रुग्णालयांसाठी आणि डॉक्टरांसाठी रोगांची चित्रे असे मिळेल ते काम तो करी. स्वतःचा रोग लपवणारा हा मुलगा दुसऱ्यांच्या रोगांची चित्रे विकत होता.

१८३० मध्ये, अठराव्या वर्षी, त्याला लंडनच्या रीजंट्स पार्कमधील प्राणिसंग्रहालयात पोपटांची चित्रे काढण्याची परवानगी मिळाली. तोवर पक्ष्यांची चित्रे बहुधा पेंढा भरलेल्या नमुन्यांवरून काढली जात. लियर पिंजऱ्यापाशी बसून जिवंत पक्षी रेखाटत. सेवक पक्षी धरून ठेवी, ते पंख आणि पाय मोजत, मग शिलेवर स्वतः चित्र उतरवत. १८३० ते १८३२ या काळात पोपट कुळावरील त्यांचे मोठ्या आकाराचे पुस्तक भागाभागांनी निघाले. त्यात ४२ चित्रे होती. वर्गणीदार १७५ होते, पण वर्गणी वेळेवर येत नसे आणि खर्च झेपेना, म्हणून नियोजित भाग पुरे होण्याआधीच काम थांबवावे लागले. एकाच पक्षिकुळाला वाहिलेले असे पुस्तक इंग्लंडमध्ये पूर्वी झाले नव्हते. त्यातील एका निळ्या मकाव पोपटाला १८५६ मध्ये शार्ल बोनापार्त या शास्त्रज्ञाने लियर यांचे नाव दिले. हा पोपट निसर्गात नेमका कोठे राहतो याचा पत्ता लागायला १९७८ साल उजाडले. त्या वर्षी पक्षितज्ज्ञ हेल्मुट सिक यांना तो ब्राझीलच्या बाइया राज्यात आढळला.

या पुस्तकामुळे लॉर्ड स्टॅन्ली, म्हणजे पुढे डर्बीचे तेरावे अर्ल झालेले उमराव, यांचे लक्ष लियर यांच्याकडे गेले. लिव्हरपूलजवळील नोझली येथे त्यांचे खासगी प्राणिसंग्रहालय होते. तेथील प्राण्यांची चित्रे काढण्यासाठी लियर यांना बोलावणे आले आणि १८३७ पर्यंत त्यांचे तेथे येणे-जाणे राहिले. सुरुवातीला हा तरुण चित्रकार नोकरवर्गासोबत जेवत असे. घरातील नातवंडे जेवणाच्या टेबलावरून घाईने उठून कोठे पळतात याचा शोध घेतला, तेव्हा ती खाली लियर यांच्याकडे जातात असे आढळले आणि मग त्यांना वर कुटुंबाच्या पंक्तीला बसवण्यात आले, असे सांगतात. याच मुलांसाठी त्यांनी पाच ओळींची पद्ये आणि सोबतची वेडीवाकडी चित्रे केली. १८४६ मध्ये ती टोपणनावाने पुस्तकरूपात निघाली. लेखक म्हणून स्वतःचे नाव घालण्याचे त्यांनी १८६१ च्या वाढीव आवृत्तीपर्यंत टाळले. त्यामुळे हे पुस्तक खुद्द अर्लनेच लिहिले असावे, अशी वदंता पसरली होती. एकदा आगगाडीत एक गृहस्थ हेच ठासून सांगू लागले, तेव्हा लियर यांनी टोपीच्या अस्तरावरील आपले नाव दाखवून स्वतःचे अस्तित्व सिद्ध केले. या प्रसंगाचे चित्रही त्यांनी काढून ठेवले आहे.

या पद्यांतील माणसे नीट पाहण्यासारखी आहेत. कोणाच्या दाढीत पाखरे घरटी करतात, कोणाचे नाक गावभर लांब, कोणी अकारण नाचतो, कोणी घंटा बडवतो. त्यांच्याभोवती नाव नसलेले 'लोक' उभे असतात. ते नाक मुरडतात, प्रश्न विचारतात, कधी ठोकून काढतात, कधी गावाबाहेर हाकलतात. एक विक्षिप्त माणूस आणि त्याच्यावर नजर ठेवून असलेला समाज, अशी ही जोडी आहे. समीक्षकांनी याकडे विसाव्या शतकात लक्ष वेधले. त्यांत आपले दुखणे लिहिले, असे लियर यांनी कोठेही म्हटलेले नाही. तसे ठामपणे म्हणणे धाडसाचे ठरेल. पण कधी हातपाय ताठ होतील आणि कोण पाहील या धास्तीत वाढलेल्या माणसाला 'लोक' कसे दिसत असतील, याची कल्पना त्या चित्रांवरून करता येते.

१८३७ मध्ये लियर रोमला गेले आणि नंतरचे बहुतेक आयुष्य त्यांनी इंग्लंडबाहेर काढले. कारण दिले ते डोळ्यांचे आणि फुप्फुसांचे. लंडनच्या धुक्यात दमा वाढतो, हे खरेही होते. परक्या देशातील भाड्याच्या खोल्यांचे आणखी एक सुख होते. तेथे कोणी नातेवाईक अवचित दार ठोठावीत नाही. झटक्याची पूर्वसूचना त्यांना बहुधा मिळत असे. ती मिळाली की ते मंडळींतून उठत, खोलीत जाऊन दार लावून घेत. काही महिन्यांत दहा-पंधरा फुल्या पडत. झटका येऊन गेल्यावर डोके जड होई, मन गोंधळे, चिडचीड होई आणि मग ती उदासीनता घेरून येई. इतक्या वर्षांत हे कोणाच्या लक्षात कसे आले नाही, याचे आश्चर्य त्यांनी स्वतःच दैनंदिनीत व्यक्त केले आहे.

कामाचा झपाटा मात्र थक्क करणारा होता. इटली, ग्रीस, अल्बानिया, इजिप्त, पॅलेस्टाइन अशी पायपीट करून त्यांनी हजारो जलरंगी चित्रे केली, प्रवासवर्णने लिहिली. १८४६ च्या उन्हाळ्यात त्यांनी व्हिक्टोरिया राणीला चित्रकलेचे बारा धडे दिले. अडतिसाव्या वर्षी ते रॉयल अ‍ॅकॅडमीच्या शाळेत विद्यार्थी म्हणून दाखल झाले. लहानपणी न मिळालेले शिक्षण मिसरूडही न फुटलेल्या मुलांच्या रांगेत बसून घेण्यात त्यांना संकोच वाटला नाही. काम करीत राहिले की दैत्य दूर राहतो, अशी त्यांची श्रद्धा होती. रिकामा वेळ त्यांना घातक वाटे.

राणीचा ओझरता उल्लेख आणखी एका कारणासाठी करायला हवा. अपस्मारावर ज्याला खरोखर औषध म्हणता येईल असे पहिले द्रव्य म्हणजे पोटॅशियम ब्रोमाइड. मासिक पाळीच्या सुमारास झटके येणाऱ्या स्त्रियांवर त्याचा उपयोग झाल्याचे १८५७ मध्ये लंडनच्या वैद्यकसभेत सांगितले ते सर चार्ल्स लोकॉक यांनी. हेच गृहस्थ राणीचे प्रसूतितज्ज्ञ होते. त्या वेळी लियर पंचेचाळिशीला टेकले होते. विकार जडून चाळीस वर्षे होत आली होती आणि मनावर जे व्हायचे ते परिणाम होऊन चुकले होते. फेनोबार्बिटल हे अधिक प्रभावी औषध १९१२ मध्ये, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर २४ वर्षांनी, वापरात आले. मेंदूतील विद्युतलहरींचा आलेख तर आणखी पुढचा. जर्मनीतील हान्स बर्गर यांनी मानवी मेंदूवरील ते काम १९२९ मध्ये प्रसिद्ध केले. मेंदूतील पेशींच्या विद्युतक्रियेतील तात्पुरता बिघाड, एवढीच या दैत्याची हकिगत आहे, हे लियर यांना सांगणारा कोणी भेटला नाही. भेटणार कसा? त्यासाठी आधी कोणाला तरी सांगावे लागले असते.

मित्रांची वाण नव्हती. कवी टेनिसन यांची पत्नी एमिली, राजकारणी चिचेस्टर फॉर्टेस्क्यू, चित्रकार होल्मन हंट यांना लिहिलेली त्यांची पत्रे विनोदाने ओसंडून वाहतात. फ्रँकलिन लशिंग्टन या तरुण वकिलावर त्यांचा फार जीव होता. तितक्या उत्कटतेचा प्रतिसाद मात्र आला नाही. ज्यांच्याशी मनातले बोलावे अशा या माणसांनाही मुख्य गोष्ट वगळूनच लियर ठाऊक होते. मार्च १८६१ मध्ये अ‍ॅनचे निधन झाले आणि ही गोष्ट जन्मापासून जाणणारे माणूस गेले. त्यानंतर ते किती सैरभैर झाले हे त्या दिवसांच्या नोंदी सांगतात. त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांचे विनोदी पुस्तक नावानिशी निघाले आणि घरोघर पोहोचले.

लग्नाचा विचार त्यांनी केला नाही असे नाही. लॉर्ड वेस्टबरी यांची कन्या ऑगस्टा बेथेल, घरगुती नाव गसी, ही वयाने बरीच लहान असलेली तरुणी त्यांना आवडत असे. १८६० च्या दशकात तिच्या घरी जायचे, आज विचारीन म्हणायचे आणि न विचारता परतायचे, असे किती वेळा झाले याची मोजदाद नाही. अखेर त्यांनी गसीची बहीण एमा हिच्याकडे गोष्ट काढली. तिने हे जमणार नाही असे सांगितले. लियर यांनी गसीला थेट कधीच विचारले नाही. तिला काय वाटत होते, हे तिला सांगण्याची वेळच आली नाही. तुटपुंजे उत्पन्न, वय, आपल्या नाकाविषयीचा न्यूनगंड अशी कारणे होतीच. पण बंद दाराआड जे घडते ते पत्नीपासून लपवता येणार नाही आणि जेनसारखे, आपल्यासारखे एखादे मूल जन्माला येईल, ही भीती या सगळ्यांच्या मुळाशी होती. गसीने १८७४ मध्ये दुसऱ्याशी लग्न केले. नवरा आजारी, अपंग होता. रुग्णाची सेवा करावी लागेल म्हणून जी आपल्याला नाकारील असे लियर यांना वाटले, तिने रुग्णाशीच संसार केला.

ब्रिटनमधील ग्रॅहम स्कॅम्बलर आणि अँथनी हॉपकिन्स या संशोधकांनी १९८६ मध्ये अपस्माराच्या रुग्णांविषयी एक महत्त्वाचा भेद मांडला. समाजाने प्रत्यक्ष केलेली अवहेलना वेगळी आणि अवहेलना होईल या भीतीने मनात बाळगलेला कलंक वेगळा. रुग्णांच्या आयुष्याची अधिक हानी दुसरा कलंक करतो, असे त्यांना आढळले. माणूस विकार लपवतो. लपवल्यामुळे अवहेलनेची वेळ येत नाही. त्यामुळे लोक खरोखर कसे वागले असते, हे त्याला कधीच कळत नाही आणि भीती तशीच राहते. लियर यांचे आयुष्य या निष्कर्षाचे चालते-बोलते उदाहरण ठरावे. फेफऱ्यावरून त्यांना कोणी हिणवल्याची, कोणी दार बंद केल्याची नोंद नाही. सर्व दारे त्यांनी स्वतःच आतून लावली. ही सवय लागली ती पाच-सात वर्षांच्या वयात, घरच्या मोठ्यांच्या कुजबुजीतून.

हा प्रश्न केवळ व्हिक्टोरियाकालीन इंग्लंडचा नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे पाच कोटी लोकांना अपस्मार आहे आणि योग्य निदान व उपचार मिळाल्यास त्यांतील ७० टक्क्यांपर्यंत रुग्ण झटक्यांपासून मुक्त राहू शकतात. हा विकार असलेल्या किशोरवयीन मुलांत नैराश्य आणि चिंतेचे प्रमाण इतर मुलांपेक्षा अधिक आढळते. शाळा बुडणे, सहलीला न नेणे, पोहणे-सायकल बंद होणे, औषधांनी येणारी सुस्ती आणि वर्गात झटका आला तर काय होईल ही धास्ती, असे ते ओझे असते. आपल्याकडे फेफरे आलेल्याच्या नाकाशी कांदा किंवा चप्पल धरणारे अजून भेटतात. वास्तविक त्याला कुशीवर वळवून, डोक्याखाली मऊ काही ठेवून, तोंडात काहीही न घालता थांबायचे असते आणि झटका पाच मिनिटांत शमला नाही तर रुग्णालय गाठायचे असते. लग्नाच्या बाबतीत तर कायदाच रुग्णांच्या विरोधात होता. १९७६ च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यात वेडाच्या झटक्यांच्या जोडीला अपस्माराच्या झटक्यांचा उल्लेख आला. असा विवाह रद्द ठरवता येई. हा शब्द कायद्यातून वगळला गेला तो १९९९ मध्ये. तरीही मुलीच्या गोळ्या सोयरिकीच्या वेळी लपवल्या जातात, हे मेंदूविकारतज्ज्ञांना नवे नाही.

लियर यांचा भारताशी संबंध आला तो साठी उलटल्यावर. रोममधील जुने स्नेही लॉर्ड नॉर्थब्रुक व्हाइसरॉय झाले होते, त्यांनी निमंत्रण दिले. २२ नोव्हेंबर १८७३ रोजी लियर आणि त्यांचा ग्रीक सेवक जॉर्जिओ कोकाली मुंबईत उतरले. मुंबईतील रंग, माणसे, झाडी पाहून ते हरखून गेले. लखनौ, बनारस, कलकत्ता, दार्जिलिंग, आग्रा, दिल्ली, सिमला अशी उत्तरेची फेरी झाल्यावर ते दक्षिणेकडे वळले. दार्जिलिंगहून केलेल्या अभ्यासावरून त्यांनी पुढे कांचनगंगेची भव्य तैलचित्रे रंगवली. जुलै १८७४ मध्ये मुंबईच्या 'टाइम्स ऑफ इंडिया'त त्यांची एक कविता छापून आली. धोबी, पंखा, नाला, चपराशी, आया असे रोजचे देशी शब्द त्यांनी तिच्यात मुद्दाम भलत्याच अर्थाने घातले. धोबी हे बसण्याचे आसन झाले आणि कमरबंद नावाचा अक्राळविक्राळ प्राणी एका बाईला गिळून मोकळा झाला. मुंबईच्या वाचकाला त्या शब्दांचे खरे अर्थ ठाऊक असल्याने तिची खरी मजा त्यालाच आली असणार. जानेवारी १८७५ मध्ये लियर परतले. सव्वा वर्षाच्या या धावपळीत रेल्वे, टांगा, डाकबंगला, पडाव यांतून जाताना एकांत मिळवणे किती जिकिरीचे झाले असेल, हे सहज समजण्यासारखे आहे.

इटलीतील सान रेमो येथे १८७१ पासून त्यांचे घर होते. पुढे समोर हॉटेल उभे राहिल्याने चित्रशाळेतील उजेड गेला, म्हणून १८८१ मध्ये त्यांनी दुसरे बांधले. फॉस नावाच्या शेपूटतुट्या बोक्याची गैरसोय होऊ नये म्हणून नव्या घराचा नकाशा जुन्यासारखाच ठेवला, अशी आख्यायिका आहे. १८७७ च्या संग्रहात त्यांची एक दीर्घ कविता आली. प्रिया सोडून गेल्यावर झाडाच्या सालीचे नाक करून, त्यात दिवा ठेवून रानोमाळ तिला शोधत हिंडणारा प्राणी तिचा नायक आहे. मुले ती वाचून हसतात. मोठ्यांना हसणे जड जाते.

१८८३ मध्ये जॉर्जिओ गेला. सत्तावीस वर्षे तो लियर यांच्यासोबत होता. १८८७ मध्ये फॉस गेला, त्याला बागेत पुरले. २९ जानेवारी १८८८ रोजी लियर यांचे निधन झाले. अंत्ययात्रेला जुन्या मित्रांपैकी कोणी पोहोचू शकले नाही. सान रेमोतील चार-दोन ओळखीची माणसे होती. कागदपत्रांची व्यवस्था लशिंग्टन यांच्याकडे आली. त्यांनी बरेचसे कागद नष्ट केले, दैनंदिनीचे तीस खंड मात्र राहू दिले. त्यांतील फुल्यांचा अर्थ त्यांना माहीत होता की नाही, हे कोठे नमूद नाही. सान रेमोच्या दफनभूमीत सारख्याच आकाराच्या दोन शिळा शेजारी शेजारी उभ्या आहेत. एक लियर यांची, तिच्यावर टेनिसन यांच्या ओळी आहेत. दुसरी जॉर्जिओच्या स्मरणार्थ.